लाल बटणावरचा हात

"जड झाला?" धाकटीनं विचारलं.

"छे. सैलच आहे," दादा म्हणाला.

तिनं ती वायर सोडली, दुसरी घेतली आणि पुन्हा दोन टोकं एकमेकांना टेकवली. दादानं मोटरचा दांडा चिमटीत धरून फिरवला. या वेळी तो अडला, आतून कुणीतरी धरून ठेवावा तसा. म्हणजे जोडी सापडली. धाकटीनं तिला खुणेची पट्टी लावली. पितळ कापायच्या मशीनचा जुना कंट्रोलर जळून गेला होता, नवा बसवायचा होता आणि सगळ्या वायरी तेल पिऊन पिऊन एकाच काळपट रंगाच्या झाल्या होत्या. भावाच्या मशीनचं काही बिघडलं की धाकटीलाच बोलावणं यायचं.

वहिनी मशीनजवळच्या स्टुलावर बसली होती. मशीन बंद होतं, तरी तिचा उजवा हात लाल बटणावर होता. ती तिची ठरलेली जागा. कटर फिरत असतानाच दादा त्याच्याखाली हात घालून पितळेचा कीस काढायचा. त्यासाठी मशीन थांबवणं त्याच्या जिवावर यायचं. काही बिनसलंच तर वहिनीनं बटण दाबायचं, मशीन जागच्या जागी थांबणार. लग्न झाल्यापासून दुपारची झोप कशी ती तिला माहीत नव्हती.

"वहिनी, आता तरी ऊठ. अजून वायरींचाच पत्ता नाही," धाकटी म्हणाली.

"असू दे गं. हात इथं नसला की मलाच चैन पडत नाही. यांची बोटं माझ्या भरवशावर आहेत."

एरवी या बोलण्यावर दादा हसायचा. आज हसला नाही.

पॅनेलच्या कोपऱ्यात धाकटीला आणखी एक जोडी दिसली. दोन टोकांना पीळ घालून वर काळी पट्टी गुंडाळलेली. ती कुठल्याच मोटरकडे जात नव्हती.

"दादा, हे काय?"

"ते राहू दे."

"अरे, पण जातंय कुठं?"

"राहू दे म्हटलं ना! संध्याकाळच्या आत माल द्यायचाय."

बहिणीशी तो असं तोडून कधी बोलत नसे. तिनं हात मागे घेतला, पण ती काळी पट्टी काही मनातून जाईना.

वायरी जोडून झाल्या. "आता कटरचं डोकं वर जाऊन आपोआप थांबलं की सुटलो," म्हणत धाकटीनं मशीन सुरू केलं. दादा सवयीनं टेबलावरचा उरलेला कीस हातानं लोटत होता.

डोकं खाली आलं.

एका जोडीची टोकं उलटी लागली होती, एवढंच. अशी चूक कुणाच्याही हातून होते. वहिनीनं तत्क्षणी बटण दाबलं. टक. कटर बसवलेलं ते डोकं खाली येतच राहिलं, सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखं. तिनं पुन्हा दाबलं, मग अंगाचा सगळा भार तळहातावर टाकला. टक. टक. दादानं हात ओढून घेतला, भिंतीकडे झेप घेतली आणि प्लग उपटला. कटरचं टोक टेबलात रुतून थांबलं.

धाकटीनं ती काळी पट्टी सोलली आणि वायर कुठवर जाते ते चाचपत गेली. वायर लाल बटणापाशी संपली.

"तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत," वहिनी नवऱ्याला म्हणाली. "सरळ प्लगकडे धावलात."

दादा हातातल्या प्लगकडे बघत राहिला. "जरा कुठं हादरा बसला की त्या बटणापायी मशीन बंद पडायचं. झालेलं काम वाया जायचं. म्हणून त्याच्या वायरी परस्पर जोडून ते बादच करून टाकलं. फार पूर्वीच."

"मग मला कशाला बसवत होतात इथं?"

"तू बसलीस की मला भीती वाटायची नाही."

वहिनीनं तळहात उलटा करून पाहिला. मधोमध बटणाचा गोल उमटला होता.

धाकटीनं टोकं बदलली आणि प्लग पुन्हा लावला. डोकं निमूट वर गेलं. हादऱ्यानं सुटणारं ते बटण मात्र नवंच आणावं लागणार होतं, आणि ते आज मिळण्यातलं नव्हतं.

"एवढं काम उरकू," दादा म्हणाला, पण कुणाकडे न बघता.

वहिनी उठली. तिनं स्टूल फरफटत भिंतीशी नेलं, बसली आणि भिंतीत लावलेला प्लग मुठीत धरला. आता तिची नजर मशीनवर नव्हती, नवऱ्यावर होती.

"करा चालू."

कटर फिरू लागला. त्याच्याखाली पितळेचा कीस साचत गेला. दादाचा हात टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

"घाला ना," वहिनी म्हणाली.