मानाचा आकडा

"काका, तुमच्या स्विचवर चॅनल किती?" मी वायरलेसवर ओरडलो.

"एकतीस. तुझा?"

"चाळीस. आणि पाणी?"

"गुडघ्याला," पलीकडच्या गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून पिसाळकाका म्हणाले.

दोन्ही स्विचवर आकडा सारखा असल्याशिवाय दोन गावांमधली ट्रंक लाइन जुळत नाही, आणि ट्रंक जुळल्याशिवाय त्या बुडत्या गावातून मदतीचा एकही फोन बाहेर पडणार नव्हता. काका वडीलधारे, म्हणून मी मुकाट्याने एकतीस केला. ट्रंकचा दिवा लालच.

"काका, तुमचा आकडा लावलाय."

"अरे गाढवा, वरचं ऑफिस तुझं, म्हणून मी तुझा चाळीस लावला!"

मी घाईने पुन्हा चाळीस केला. त्यांनीही तितक्याच घाईने पुन्हा एकतीस.

"आता तू हात लावू नकोस. मानपान पुरे, पाणी छातीला लागलंय."

"मग निघा ना!"

"चाळीस करतो आणि निघतो."

दिवा हिरवा झाला. वायरलेसवर नुसती खरखर. तेवढ्यात त्या गावातून पहिला फोन आला.

"मी पिसाळांची बायको बोलतेय. हे अजून घरी आले नाहीत. पोहता येत नाही हो त्यांना."