बेसाच्या बांधीतले बेडूक

कॉलेजच्या प्रॅक्टिकलला जिवंत बेडूक पुरवणाऱ्या धोंडबाचं पोतं त्या दिवशी सकाळीच भरलं. बेसा गावाकडच्या धानाच्या बांधीत, पाणी भरलेल्या खाचरात, बेडूक नुसते बसून होते. हात लावला तरी उडी मारेनात.

कॉलेजात सरांनी एक बेडूक उताणा ठेवला. तो सुलटा झालाच नाही.

"धोंडबा, तिथं काही फवारलंय का?"

"तण मारायची दवाई, साहेब. आठ दिवस झाले, आमची अंजनाच मारून राहिली."

"मग हे ने परत. पळायचं विसरलेला प्राणी चार दिवस जगत नाही."

धोंडबा चरफडत घरी आला. वीस वर्षं झाली, त्याचं पोतं दिसलं की अंजनाबाई किंचाळत शेजारी पळायची. बेडकं धरणाऱ्याची बायको बेडकाला भिते म्हणून सारी वस्ती हसायची. आज ती ओट्यावर बसली होती. धोंडबानं सगळा राग तिच्यापुढे पोत्यासकट रिता केला.

"पळ वं आता!"

एक बेडूक घरंगळत तिच्या पावलावर आला आणि तिथंच बसला.

बेडूक हलला नाही. अंजनाबाईही हलली नाही.