सकाळचा अर्धा चंद्र

"हलू नकोस, गच्ची हलते," बाबा म्हणाले.

"गच्ची नाही हो, तुमचे हात हलतात," मुलगी म्हणाली.

"तेच ते."

सकाळचे आठ वाजले होते. पश्चिमेला अर्धा चंद्र अजून टिकून होता, खडूने ओढून बोटाने पुसल्यासारखा. बाबांनी फिल्मच्या जुन्या कॅमेऱ्याला डोळा लावला. वर्षभर ते चंद्राच्या मागे होते. उन्हाळ्यातली पौर्णिमा, थंडीतली पौर्णिमा, मधल्या साऱ्या कला. कोणत्या दिवशी चंद्र किती वाजता उगवतो, हे त्यांना तोंडपाठ होतं.

"चहा कोण देणार? चंद्र?" खालून तिचा दादा ओरडला. मग तो वर आला आणि त्याने बाबांच्या मुस्कटात भडकावली, माशी मारावी इतक्या सहज. चष्मा उडाला.

"काच शाबूत आहे," बाबा चाचपडत म्हणाले.

म्हणजे दिवस तसा बरा म्हणायचा. गेल्या महिन्यात बाबांची बरगडी मोडली होती. तिने चष्मा उचलून दिला, चहा केला आणि ती ग्रंथालयात कामाला गेली.

संध्याकाळी सात वाजता पोलीस आले, तेव्हा दादा गच्चीच्या जिन्याखाली पडला होता. कवटी तीन ठिकाणी फुटलेली. रक्त भिंतीवर छातीच्या उंचीपर्यंत उडालं होतं. कॅमेऱ्याच्या लोखंडी ट्रायपॉडच्या वाकलेल्या पायाला केस चिकटले होते.

"काका, सहा वाजता कुठे होतात?" फौजदारांनी विचारलं.

"टेकडीवर. चंद्राचे फोटो काढत होतो, एकटाच. परत आलो तर हा असा. मुलगी माझ्यानंतर आली."

तिने चमकून बाबांकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली.

फौजदार फिल्म घेऊन गेले. आठ दिवस दोरीवरचा दादाचा शर्ट काढायला तिचा हात धजेना. लहानपणी पाय मुरगळला होता, तेव्हा तिला खांद्यावर बसवून शाळेत नेणारा दादाही हाच होता. ती शर्टाखालून वाकून ये-जा करत राहिली.

नवव्या दिवशी फौजदारांनी फोटो टेबलावर आपटला.

"काका, चंद्रावर अख्खं वर्ष घातलंत आणि एवढी ढोबळ चूक? त्या दिवशी संध्याकाळी आकाशात चंद्रच नव्हता! तो मध्यरात्री उगवला. हा फोटो सकाळचा आहे. थाप मारायची तर धड तरी मारायची."

"चुकलो," बाबा म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. फौजदारांच्या हातात बेड्या यायच्या आधीच.

"मुलाला मारलंत, कबूल?"

"कबूल."

ती दार अडवून उभी राहिली.

"साहेब, बाबा चंद्राच्या बाबतीत चुकत नाहीत."

"तू गप्प बस!" बाबा जन्मात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले.

"त्यांना स्वतःला पकडून द्यायचं होतं," ती म्हणाली. "दादाला मी मारलं."