सूर्य अजून उगवायचाय

"अहो, अकरा वाजलेत आणि तुमच्या कॉम्प्युटरमध्ये सूर्य अजून उगवलाच नाही!"

माझं कुंडलीचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, आणि आमच्या ह्यांनी घरात लिनक्सचं राज्य आणलेलं. माझी समजूत काढायला लिनक्सच्या पोटातच एक विंडोजचा कॉम्प्युटर थाटून दिला होता. समोर खांबेटेबाई विचारत होत्या, मुलीचं लग्न जमेल का. मी आत्ताच्या वेळेची प्रश्नकुंडली मांडली, तर सूर्य क्षितिजाखाली. बाई पिशवी उचलून उठायच्याच बेतात होत्या.

"ज्योतिषच थोतांड. माझी सिस्टीम चोख आहे," हे म्हणाले.

"मग खिडकीतलं ऊनही थोतांड का? आतलं घड्याळ बघा."

ह्यांनी पाहिलं. साडेपाच! आतला विंडोज मुकाट्यानं लंडनची वेळ पाळत होता. ह्यांनी खाली मान घालून एक सेटिंग बदललं, आणि सूर्य थेट लाभस्थानात चढला. खांबेटेबाई हसत घरी गेल्या.

दुपारी हे स्वयंपाकघराच्या दारात घुटमळले.

"विश्वास नाही हं माझा. सहज विचारतो... अपडेट टाकायचंय. राहुकाळ संपला का गं?"