मोठ्यांचा वर्ग

छापखान्यातली नोकरी गेली, तरी घरी सांगायला त्याची जीभ रेटेना. रोज सकाळी बायकोबरोबरच तो घराबाहेर पडे. ती शिवणकारखान्याकडे वळली, की हा वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या मोफत वर्गात येऊन बसे. मोठ्या माणसांना पैशाचा व्यवहार शिकवणारा वर्ग होता तो. पन्नाशीत का होईना, आहे ती शिल्लक कशी पुरवावी हे त्याला उमगायला लागलं होतं.

आज शिकवणाऱ्या बाई अगदी निरूपणाच्या थाटात रंगल्या होत्या. "काका, बचतीची पहिली पायरी कोणती? घरात लपवाछपवी नको! सांगता ना काकूंना सगळं?"

"सांगतो की," तो कसाबसा म्हणाला. देवा, आज सांगूनच टाकतो, असं मनात म्हणतोय तोच दार उघडलं. दारात बायको!

कुणीतरी चुगली केली असणार. निसटावं तर वर्गाला दार एकच, आणि त्यात ती उभी. तो खाली वाकून उगाच पेन शोधायला लागला.

"या ताई, लाजू नका. त्या काकांशेजारी जागा आहे बघा."

ती येऊन टेकली, मान वळवली आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. त्याने तोंड उघडायच्या आत तिने त्याचा हात घट्ट धरला.

 

"अहो, इथे नका हो ओरडू. मला कारखान्यातून काढून महिना झाला, आज सांगणारच होते तुम्हाला."