आन्सेल्मची कॉलर

माझ्या निर्दोष नवऱ्याचा जीव तुम्हाला हवा आहे, क्रांती समितीच्या नागरिकांनो, आणि हे मी तुमच्या तोंडावर सांगते.

गिलोटिनच्या पात्याखाली नेण्याआधी माणसाच्या सदऱ्याची कॉलर कापतात, हे पॅरिसात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. राजाची कापली तेव्हा मीही टाळ्या पिटल्या. मग सरदारांची कापली, मग महाग पाव विकणाऱ्या भटारखानेवाल्याची, मग तुमच्याशी नुसता वाद घातलेल्या छापखानेवाल्याची.

आता माझ्या आन्सेल्मची. बॅस्टिलचा तुरुंग फोडताना तो तुमच्या पुढे होता. त्याला अजून कुणी पकडलेलं नाही. तरी रोज सकाळी उठतो, तर अंगातल्या सदऱ्याची कॉलर कापलेली. दाराला आतून कडी. मी नवी शिवते, सकाळी पुन्हा तेच.

"उंदीर असेल गं," तो म्हणायचा.

"उंदीर एवढं सरळ कापतो होय?"

आज तो हसला नाही. मान चोळत म्हणाला, "युर्सुल, झोपेत पातं गार लागतं."

म्हणून मी भर सभेत उभी आहे, आणि हलणार नाही. तुमचे अध्यक्ष आत्ता म्हणाले, "बाई, घरी जा. सदऱ्याला जरा घट्ट टाका घाल." सगळे खदखदा हसलात.

हसताना तुमचे गळ्यातले रुमाल सरकले. अध्यक्षांना कॉलर नाही. शेजारच्याला नाही. मागच्या बाकापर्यंत एकालाही नाही, नुसते कापलेले धागे लोंबताहेत.

गळे काय झाकता? तुमच्या घरात कोण येतं, ते सांगा.