प्रफुल्लनं पाहिलेले व्हिडिओ

सोमवार
काही नाही.

अंजनाबाईनं यादी बोटानं खाली ओढली, सोडली, परत ओढली. सगळ्यात वर अजून शनिवारच होता. जुन्या बुलेटचं इंजिन खोलणारा मेकॅनिक, खाली लाल रेघ, पाऊण पाहून सोडलेला. रविवार नेहमीच रिकामा असायचा. सोमवार मात्र कधी रिकामा गेला नव्हता.

फोन तिचा होता, पण व्हिडिओच्या ॲपवरचं खातं प्रफुल्लचं. तिचा फोन नवा होता तेव्हा त्यानंच स्वतःचं खातं त्यात टाकून दिलं होतं. सात महिन्यांपूर्वी बापाशी भांडून पोरगा गुढियारी वस्तीतल्या घरातून निघून गेला. नंबर बंद. दोन महिने अंजनाबाई अंथरुणातून उठली नाही, सलाईन लावावं लागलं. मग एका दुपारी तिच्या मुलीनं, चेतनानं, ही यादी दाखवली.

"मम्मी, देख. भैया ने आज ये देखा है."

त्या दिवशी ती उठून जेवली. तेव्हापासून ठरूनच गेलं. रेघ दिसली की जेवायचं. स्वतः ती त्या ॲपवर काही पाहत नसे. आपल्या रेघा त्याच्या रेघांत मिसळायला नकोत.

मंगळवार
काही नाही.

"त्याले काही झालं तं नसंल?"

चेतना गोल बाजारातल्या भांड्यांच्या दुकानातून नुकतीच आली होती. "अरे, ॲड से तंग आ गया होगा, मम्मी. एक वीडियो में चार-चार आते हैं अब. ॲड ब्लॉकर लगाओ तो वीडियो ही रोक देते हैं. हमारी दुकान के सब लड़के छोड़ रहे हैं. दूसरी जगह देखते हैं, बिना लॉगिन के."

"तिथं पाहिलेलं इथं दिसते?"

"नहीं."

"म्हणजे तो पाहून राहिला असंल, अन् मले दिसणारच नाही."

"हव."

"मागच्या महिन्यात कव्वाल्या पाहत होता गं. जुन्या, भीमाच्या. मी हसली होती, पोट्टा बापासारखा म्हातारा झाला म्हणून."

खाटेवरून धर्मपाल म्हणाला, "जेवून घे, अंजना." उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवणारा धिप्पाड माणूस, पण रविवारपासूनच्या तापानं पार वाळला होता.

"तुम्हाले काय जाते बोलाले? तुमच्याच तोंडापायी गेला तो."

त्यानं रजई डोक्यावर ओढली.

बुधवार

जाहिरात म्हणजे नेमका काय छळ आहे ते तिला पाहायचं होतं. चेतना कामावर गेल्यावर तिनं पहिल्यांदाच स्वतः एक व्हिडिओ लावला. आधी टाइल्स आल्या. मग केसांचं तेल. मेकॅनिकनं पाना उचलला तोच कर्ज देणारं कोणी मध्ये घुसलं. पाच, चार, तीन. प्रफुल्लला धीर कुठला? तो चहासुद्धा निवू देत नसे.

"अजी साहेब," ती पडद्यावरच्या हसऱ्या माणसाला म्हणाली, "माह्या पोट्ट्याले काहून पळवून लावता? काय बिघडवलं त्यानं तुमचं?"

तो माणूस हसतच राहिला. व्याजदर सांगत राहिला.

संध्याकाळी तिनं यादी ओढली. वर 'आज' होतं. खाली लाल रेघ.

"चेतना! आला वं! आला!"

चेतनानं फोन हातात घेतला.

"मम्मी, ये तो तुमने देखा है."

गुरुवार
काही नाही.

सकाळी ती चुलीपाशीच कोसळली. चार दिवसांत तिच्या पोटात फक्त पाणी गेलं होतं. धर्मपाल भिंतीला धरत आला, तिला उचलायला गेला आणि स्वतःच खाली बसला. शेवटी चेतनानं दोघांनाही एकेक करून झोपवलं.

धर्मपालचा डोळा लागल्यावर अंजनाबाई हळूच म्हणाली, "जाहिराती बंद कराचे पैसे लागते म्हणे?"

"लगते हैं. हर महीने."

"मंग भर."

"मम्मी, वो वहाँ है ही नहीं, तो किसके लिए—"

"भर म्हणलं नं! एक दिवस तरी उघडून पाहीन तो. जाहिरात नाही दिसली की राहीन. तुह्या पाया पडू काय?"

चेतनानं भरले.

शुक्रवार

धर्मपाल पहाटेच उठून आंघोळ करून बसला होता. शर्ट खांद्यावर लोंबत होता.

"अंग जळून राहिलं तुमचं. काहून जाता?"

"जावंच लागते."

"मिल काय तुमच्यावाचून बंद पडून राहिली?"

तो उठला. दारात चप्पल घालताना दोनदा झोकांडला. "आज जेवजो तू," म्हणाला आणि गेला.

दीड वाजता तिनं यादी ओढली.

'आज'. बुलेटचा मेकॅनिक. तिनं न पाहिलेला व्हिडिओ. लाल रेघ.

तिनं चेतनाला दुकानात फोन लावला. "तू पाहिला काय?" तिनं आधी तेच विचारलं.

"नहीं, मम्मी. कसम से."

"मंग तोच हाय! जाहिराती गेल्या अन् पोट्टा आला!"

तिनं भात वाढून घेतला. वरणाची वाट न पाहता कोराच खाल्ला, दोन्ही गालांत भरून, रडत.

थोडं आधी, उरल्याच्या मिलमध्ये, जेवणाची सुट्टी झाल्यावर धर्मपालनं लॉकरमधून एक फोन काढून चार्जिंगला लावला आणि आपल्या फोनचं नेट त्याला जोडलं. व्हिडिओ सुरू केला तर जाहिरात आलीच नाही. तो तसाच पडद्याकडे पाहत राहिला. मग त्यानं आवाज बंद केला, फोन बाकावर पालथा ठेवला आणि व्हिडिओ शेजारी चालू असताना डबा उघडला. हा फोन त्याला सात महिन्यांपूर्वी, प्रफुल्ल गेल्याच्या पाचव्या दिवशी, बिलासपूरच्या शवागारात 'नाते: वडील' या रकान्यासमोर सही केल्यावर मिळाला होता.